रविवारचा बाण

दारव्ह्याच्या वामनरावांनी आपल्या कॉम्प्युटरातल्या विंडोजला शिव्या घातल्या नाहीत, असा एकही रविवार जात नसे. कधी आवाज बंद, कधी आयकॉन गायब, कधी अक्षरं मुंगीएवढी. मग ते पुण्याला मुलाला फोन लावत. ऋतिक तिथूनच त्यांचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर उघडी आणि दहा मिनिटांत सगळं ठीकठाक करी. तोवर वामनराव खुर्ची पुढे ओढून एकटक बघत बसत.

या रविवारी मात्र ऋतिकने हात टेकले आणि गावातल्या मुजफ्फर मेकॅनिकला फोन करून घरी पाठवलं. "ते विंडोज काढ अन् दुसरं काही टाक. पुन्हा बिघडलं नाही पाहिजे."

मुजफ्फरने कॉम्प्युटर उघडून पाहिला आणि हसला. "काकाजी, सारी दुनिया यावर काम करून राह्यली. तुमचंच काहून बिघडते? हे आयकॉन आपोआप नाही गेले, कोणीतरी हातानं लपवले."

मुजफ्फरने नव्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह काढला, तसा वामनरावांनी त्याचा हात धरला.

"राहू दे बाप्पा. विंडोजची काही चूक नाही. मीच लपवतो."

"पण कायले?"

 

"ऋतिक तिकून दुरुस्त करते, तवा स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरते. तेवढी दहा मिनिटं पोरगं घरात असते."