दोन रमजानांचे वर्ष

"उस्ताद, अंदाजाच्या पाचव्या वर्षात रमजान दोनदा येतोय," रुबा म्हणाली.

विसाम कयाली यांनी मान वर केली नाही. अम्मानमधल्या त्या सल्लागार कंपनीत भागीदारासमोर उभ्या राहिलेल्या प्रशिक्षणार्थीच्या पहिल्या वाक्याला उत्तर मिळत नसे. रुबाला हे ठाऊक होते. ती थांबली. घसा कोरडा पडला होता. रमजान चालू होता, आणि सकाळपासून तिनेही पाणी घेतले नव्हते. तिचा उपास नव्हता, पण उपाशी माणसांसमोर पिणे बरे दिसत नाही.

"रमजान दर वर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो. पाचव्या वर्षी त्याची खरेदी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात होईल, आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा. एका वर्षात दोन हंगाम."

"दुप्पट पुण्य," कयाली म्हणाले. "मग?"

कंपनीच्या अशिलाला विकत घ्यायचा होता तो कारखाना जर्दाळूचा गर वाळवून त्याच्या पोळ्या करणारा होता. रमजानात उपास सोडताना त्या पाण्यात विरघळवून पितात. वर्षाच्या विक्रीचा साठ टक्के भाग रमजानच्या आधीच्या पंधरवड्यातला. कारखान्याच्या विक्री अधिकाऱ्याने पाच वर्षांचा अंदाज चांद्र पंचांग समोर ठेवून काढला होता, आणि तो अचूक होता. मात्र तो संगणकावरच्या ज्या तयार हिशेबी साच्यात भरला गेला, तो साचा कंपनीच्या लंडनच्या कचेरीतून आलेला होता. त्याला महिने दिसत नसत, फक्त वर्षांच्या बेरजा दिसत. पाचव्या वर्षाचा नफा घ्यायचा, तोच पुढे अनंतकाळ मिळत राहील असे धरायचे, आणि किंमत काढायची.

"मग साच्याच्या मते पाचव्या वर्षापासून दर वर्षी दोन रमजान. कायमचे. एकच धरला तर किंमत सव्वीस टक्क्यांनी उतरते."

आता कयालींनी वर पाहिले.

"तू मादबाची ना? हद्दादीन घराण्यातली?"

"हो."

"म्हणजे नाताळवाली. या मजल्यावर चाळीस माणसं उपास करतात, आणि रमजान कधी येतो ते आम्हाला तू शिकवणार?"

"बाबांचं किराणा दुकान आहे, उस्ताद. आमच्याकडे रमजान कधी येतो ते घाऊक व्यापारी सांगतो."

कयाली हसले. हसणे मनापासूनचे होते. त्याने काही बदलले मात्र नाही.

"आपण सल्लागार कुणाचे?"

"खरेदीदाराचे. शिक्षकांच्या निवृत्ती निधीचे. म्हणून तर सांगायला आले."

"निधीच्या अध्यक्षांनी हा आकडा मुलीच्या लग्नात चारशे पाहुण्यांना सांगितलाय. विकणारं कुटुंब एक दिनारसुद्धा खाली येणार नाही. व्यवहार मोडला की आपली फी शून्य. उद्या दहाला बैठक आहे." त्यांनी अहवालाचे शेवटचे पान तिच्याकडे फिरवले. "चूक तुझी?"

"नाही."

"यझनची?"

"त्याचीही नाही. साच्याची."

"मग सही कर, पोरी. साच्याला कुणी नोकरीवरून काढत नाही."

पानाच्या तळाशी दोन चौकटी होत्या. 'तयार केले'खाली तिच्यासोबतचा प्रशिक्षणार्थी यझन याच्या नावाची आद्याक्षरे होती. 'तपासले' रिकामी होती. ही दोन्ही कामे प्रशिक्षणार्थींचीच असत. कंपनीच्या माहितीपत्रकात याला 'लवकर मिळणारी जबाबदारी' असे म्हटले होते. दीड वर्षापूर्वी सहाजणांना घेतले होते. कायम दोघांनाच करणार होते, आणि ती यादी गुरुवारी लागणार होती. मादबात बाबांनी गल्ल्यामागे, संत जॉर्जच्या तसबिरीशेजारी, तिचे नेमणूकपत्र लावले होते. 'प्रशिक्षणार्थी' हा शब्द नेमका लाकडी पट्टीखाली झाकला जाईल, अशा बेताने त्यांनी ती चौकट करवून घेतली होती.

"निदान एक तळटीप टाकू? एकाच ओळीची."

"तळटीप टाकली की कुणीतरी ती वाचतो."

"शिक्षकांचे पैसे आहेत, उस्ताद."

"पैसे नेहमी कुणाचे तरी असतात." त्यांचा आवाज चढला नाही. "तुझ्यावर जबरदस्ती नाही. तू नाही केलीस तर यझन दोन्ही चौकटींत करेल. त्याचं अक्षरही बरं आहे."

रुबाने खिडकीकडे पाहिले. समोरच्या रस्त्यावरची गर्दी ओसरली होती. सातला दहा मिनिटे कमी होती, आणि ज्यांना उपास सोडायला घरी पोहोचायचे होते ते पोहोचले होते. काचेच्या भिंतीपलीकडे यझन आपल्या जागेवर बसून होता. तो या बाजूला पाहत नव्हता, आणि न पाहण्यासाठी बरेच कष्ट घेत होता.

ती चूक शोधायला तिला तीन दिवस लागले होते. रिकाम्या चौकटीत नावाची दोन आद्याक्षरे लिहायला दोन सेकंदही लागले नाहीत.

कयालींनी पान उचलून शाई वाळली का ते पाहिले आणि ते फाइलमध्ये ठेवले. "बाबांना फोन कर," ते म्हणाले. "गुरुवारपर्यंत कुणाला सांगू नका म्हणावं."

समोरच्या मशिदीतून अजान सुरू झाली. चहापाण्याचे पाहणारे अबू इसाम तबक घेऊन आत आले. पेल्यांमध्ये दाट नारिंगी सरबत होते. कारखान्याने नमुन्याची खोकी पाठवली होती, त्यातल्याच पोळ्या भिजवल्या होत्या. कयालींनी एक पेला उचलला आणि स्वतः पिण्याआधी तिच्यापुढे धरला.

"घे."

"मी उपास धरला नव्हता, उस्ताद."

"ठाऊक आहे," कयाली म्हणाले. "तरी सोड."