बर्फाचा हिसका

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मालिकेचा हिरो सर्फिंग करताना पडला. समुद्र तिथून तीनशे किलोमीटरवर होता.

तो पडला स्टुडिओ क्रमांक दोनच्या फरशीवर, अडीच फुटांवरून. समोरच्या दाताचा अर्धा तुकडा उडाला. सात माणसांनी शोधला, सापडला नाही.

फळी ट्रकच्या जुन्या स्प्रिंगवर बसवलेली होती. मागे हिरवा पडदा. फळीखाली लाकडी खोका आणि खोक्यात बसून लोखंडी दांडा हलवणारा सेटचा सुतार. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. मालिकेचा हिरो उन्हाळ्यात लाटांवर आणि हिवाळ्यात बर्फावर स्वार होत असे; दोन्हीला फळी हीच, दांडा हाच. समुद्राला लांब झोका : चार मोजून उजवीकडे, चार मोजून डावीकडे. बर्फाला झोका नाही, हिसका : दोन मोजून लगेच उलटा. दोन वर्षांत हिरोचे गुडघे त्या मोजणीवर आपोआप वाकायला लागले होते.

त्या दिवशी आधी बर्फ होता. बर्फाचा फेस उडवणारं यंत्र अडलं, म्हणून समुद्र आधी घ्यायचं ठरलं. ही बातमी मेकअपला गेली, लाईटवाल्यांना गेली, कँटीनलाही गेली. खोक्यात कुणी वाकून सांगितलं नाही. मिस्त्रीने समुद्राला बर्फाचा हिसका दिला.

“मिस्त्री, हत्यारं उचला,” निर्मात्या बाई म्हणाल्या.

मिस्त्री अठ्ठावन्न वर्षांचा होता. या वयात दुसरीकडे समुद्र हलवायला कोण ठेवणार, हे त्याला माहीत होतं. भरलेला डबा घरी नेला तर बायको विचारेल, म्हणून तो त्याने वाटेतल्या बागेत बसून संपवला.

बाईंची काळजी वेगळी होती. शहरभर पोस्टरं होती : ‘लाटाही खऱ्या, पडणंही खरं.’ त्यातलं निम्मं त्या दिवशी पहिल्यांदा खरं झालं होतं. न्हावी पोरांना ‘लाट की बर्फ?’ असं विचारून हिरोसारखे केस कापत होते. खरे सर्फिंगवाले तेवढे हिरोला कोरडा मासा म्हणत. दाताच्या डॉक्टरकडे बसलेल्या एका पेशंटने तुटक्या दाताच्या हिरोचा फोटो काढला आणि दुपारी दोनपर्यंत तो सगळीकडे पोचला. बाईंनी चार ओळींचा कागद लिहून हिरोच्या हातात दिला : लाट मोठी होती, जागा सांगता येणार नाही, प्रेक्षकांचे आभार.

चार वाजता कॅमेऱ्यांसमोर हिरो तो कागद विसरला. मग जे आठवलं ते त्याने सांगून टाकलं. पायांनी लांब झोका धरला होता, असं तो म्हणाला. तो झोका आलाच नाही. मध्येच खालून कुणीतरी हिसका दिल्यासारखं झालं, समुद्र समजून उभा होतो आणि पायाखाली बर्फ आला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

सहा वाजता सर्फिंग संघटनेच्या सचिवांचा फोन आला. तळाशी खडक असला की लाट तसाच हिसका देते, ते म्हणाले, आणि ते फक्त पडलेल्या माणसालाच कळतं. दोन वर्षं आम्ही तुमच्या हिरोला नावं ठेवली, माफ करा. रविवारी सकाळी आठला आमची स्पर्धा आहे, पहिली लाट त्यांनी घ्यावी. सगळं थेट दाखवणार आहोत. बाई हो म्हणाल्या आणि मग हिरोला विचारलं.

हिरोला पोहता येत होतं, तलावात.

“येतो,” तो म्हणाला. “पण मिस्त्री पाहिजेत.”

“मिस्त्री कशाला? तिथला समुद्र आपला आपण हलतो.”

“बाई, माझे गुडघे त्यांच्या हाताखाली तयार झालेत. दुसऱ्या कुणाच्या लाटेवर मी आजवर उभा राहिलेलो नाही.”

सव्वाआठला बाईंनी मिस्त्रीच्या घरी फोन केला. तो बायकोने उचलला. नवऱ्याची नोकरी गेल्याचं आणि परत मिळाल्याचं तिला एकाच वाक्यात कळलं. अट एवढीच होती : रविवार नीट पार पडला तर मिस्त्री कायम, नाहीतर हत्यारं उचललेलीच आहेत. मिस्त्रीने हो म्हटलं. समुद्र त्याने मोबाईलवर पाहिला होता. झोके त्यावरूनच बसवले होते.

रविवारी सहाला गाडी किनाऱ्यावर पोचली. ठरलं ते असं : मिस्त्री काठाला उभा राहणार, समुद्राचा ठेका पकडणार आणि शिट्टीवर मोजून देणार. पंच, सचिव आणि दोनेकशे सर्फिंगवाल्यांनी हिरोला वाट करून दिली. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. त्याने नव्या दातासकट हसून दाखवलं. फळी काखेत घट्ट धरली होती.

सात चाळीसची शेवटची माहिती अशी. कॅमेरे सुरू झाले आहेत. हिरो ओल्या वाळूवर उभा आहे. मिस्त्री पँट दुमडून गुडघाभर पाण्यात गेला आहे, शिट्टी गळ्यात आहे, ओठ पुटपुटत आहेत. चारपर्यंत मोजतो, थांबतो, पुन्हा एकपासून सुरू करतो. असा तो तासभर मोजतो आहे.

“काय म्हणताय, मिस्त्री?” हिरोने हळूच विचारलं.

मिस्त्रीने समुद्रावरची नजर काढली नाही.

“खाली नवा माणूस दिसतोय, दादा,” तो म्हणाला. “यालापण कुणी काही सांगितलेलं नाही.”