आधीच वापरात

दिरानं वहिनींच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स चढवलं आणि त्यांच्या डोक्याला ताप झाला. वहिनी घरी बसून कॉम्प्युटरवर पाठ्यपुस्तकांची पानं लावायच्या. त्यांना हवं होतं ते एवढंच: एफ-नऊ दाबलं की पान छापायला जावं. पण शॉर्टकटच्या यादीत ते बटण नेमायला गेलं की दरवेळी पडद्यावर तीच पाटी यायची. 'हे बटण आधीच वापरात आहे.'

"अहो भाऊजी, पण कोण वापरतंय?" त्या फोनवर खेकसल्या. "होते नव्हते ते सगळे शॉर्टकट पुसले मी. यादी कोरी आहे, तरी आपलं हेच!"

"बटण अडकलं असेल, वहिनी. कीबोर्डच काढून बघा."

त्यांनी वायर उपटली आणि कीबोर्ड मांडीवर घेतला. पाटी गेली नाही.

मग त्यांनी चष्मा लावून पाहिलं. बाकीची बटणं वर होती, एफ-नऊ तेवढं दबलेलं होतं.

"अडकलंय मेलं," असं म्हणत त्यांनी कीबोर्ड उलटा करून दोनदा आपटला. ते तसूभरही हललं नाही. जरा वेळानं मात्र आपणहून वर आलं, पुन्हा खाली गेलं. वर, खाली. वाट बघून कंटाळलेलं माणूस टेबलावर बोट आपटतं, तसं.

"पुरे हं आता!" वहिनींनी बटण उचकटायला हात घातला.

त्यांचं बोट बटणापर्यंत पोचलंच नाही. मध्ये आणखी एक बोट होतं, कोमट, आणि ते बाजूला व्हायला तयार नव्हतं.