नंदनवनातली खोटी बातमी

नवा भाडेकरू रोज सकाळी अंगणात उभा राहून मेलेल्यांची नावं घेतो, ही रुखमाबाई भोयर यांची तक्रार होती. आणि तीही त्यांचा चहा व्हायच्या आधी.

सुरुवातीला त्यांना ती पूजाच वाटली. लामिन पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशाचा. तिथल्या रेडिओत नोकरीला होता आणि नागपुरात पत्रकारिता शिकायला आला होता. मागची खोली त्यांनी त्याला दिली. सकाळी तोंड धुतलं की तो पेरूच्या झाडासमोर ताठ उभा राही आणि खणखणीत आवाजात काहीतरी म्हणे. आमचा भाडेकरू मोठा देवभक्त, असं रुखमाबाईंनी नंदनवन वस्तीतल्या अर्ध्या बायकांना सांगूनही टाकलं.

मग धाकट्या सुनेनं, पुष्पलतानं, त्याला सहज विचारलं आणि बिंग फुटलं. त्याच्या देशात संध्याकाळी रेडिओवर निधनवार्ता वाचतात. कोण गेलं, मागे कोण कोण राहिलं, माती कुठं होणार. नोकरीला लागल्यापासून लामिन तेवढंच वाचत आला होता. इथली परीक्षा पास झाला, तर त्याला बातम्या वाचायला मिळणार होत्या. तोवर गळा बसू नये म्हणून तो जुन्याच निधनवार्ता घोकत होता.

"रोज नवं मढं आणून ठेवते माह्या अंगणात," रुखमाबाई म्हणाल्या. पण खोली काही त्यांनी खाली करायला लावली नाही.

थंडीतली दुपार होती. बाजेवर लुगडं पसरून त्या मुगाच्या वड्या घालत होत्या. लामिन कॉलेजातून आला आणि बाजेजवळ उकिडवा बसला. मराठी तो त्यांच्याकडूनच शिकला होता, त्यामुळे साधं बोलला तरी कोणाला तरी रागावल्यासारखा वाटे. तो सांगू लागला, की आमच्याकडं ही नावं सुरू झाली की माणसं घास हातात धरून ऐकतात. एक मासोळ्या विकणारी म्हातारी गेली, तर तिच्या माणसांची नावं संपता संपेनात, बातम्यांना उशीर झाला.

रुखमाबाईंचा हात थांबला.

"मी गेली त माही खबर केवढी होईन गा?"

"नावं सांग, माय."

त्यांनी बापापासून सुरुवात केली. मग नवरा, कैलासवासी चंपतराव. धाकटा लेक ताराचंद, सून पुष्पलता, दोन नातू. कामठीची लेक गोपिका आणि तिचा नवरा.

"जावयाचं नाव पहिले घे. नाही तर तेरवीले जेवणार नाही तो."

लामिननं काही लिहून घेतलं नाही. सगळं एका दमात म्हणून दाखवलं. स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून रुखमाबाईंचा चेहरा फुलला. पाटलाच्या लेकीला शोभेल अशी लांबलचक होती. मग तो थांबला.

"आणि रविंद्रभाऊ?"

आत भांड्यांचा आवाज बंद झाला. पुष्पलता कान देऊन उभी राहिली.

रविंद्र थोरला. त्यानं दवाखान्यातल्या प्रेमिला नावाच्या नर्सशी लग्न केलं होतं, दुसऱ्या जातीच्या, आणि प्रताप नगरात बिऱ्हाड थाटलं होतं. मागच्या दिवाळीत तो फाटकापर्यंत आला, तर रुखमाबाईंनी अंगणातल्या पणत्या उचलून आत नेल्या. कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं.

"तो मेला मले."

"माय, आमच्याकडं नाव सुटलं की भांडण होते," लामिन म्हणाला. "नावाले जागा दोनच. गेलेल्यांत, नाही तर मागं राहिलेल्यांत. याले कुठं बसवू?"

"सांगितलं ना गा, मेला म्हणून."

"मंग त्याची खबर तुह्या आधी वाचा लागते."

"वाच ना! मले काय भेव आहे?"

लामिन उठला. सदरा नीट केला. पुढं आपल्या देशात तो बातम्या वाचू लागला, मग बातमी विभागाचा मुख्य झाला, सरकारचं प्रसिद्धी खातंही त्यानं चालवलं. त्या साऱ्या नोकरीत जाणूनबुजून खोटी बातमी त्यानं कधी दिली नाही. ती एकच, त्या साऱ्याच्या आधी, इथं, पेरूच्या झाडासमोर देऊन झाली होती.

"नंदनवन येथील श्रीमती रुखमाबाई भोयर अत्यंत दुःखाने कळवतात, की त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव रविंद्र चंपतराव भोयर यांचे आज निधन झाले."

ही मराठी रुखमाबाईंची नव्हती. ती त्यानं घरातल्या रेडिओवरून उचलली होती. आवाजही तसाच, शांत, शंका घ्यायला जागा न ठेवणारा. तो आवाज कुंपणापलीकडे पोचला. शेजारच्या कांताबाईंच्या हातून सूप पडलं.

"अवं माय वं! रविंद्र? कवा वं, रुखमाबाई?"

समोरच्या घरातून दोघी धावत आल्या. एकीनं पदर तोंडाला लावला होता. लामिन वाचतच होता.

"त्यांच्या मागे आई, भाऊ, बहीण आणि पत्नी प्रेमिला..."

रुखमाबाई उठल्या. डाळीनं माखलेला हात त्यांनी लामिनच्या तोंडावर दाबून धरला.

"जिता आहे माहा लेक!" त्या कुंपणाकडे ओरडल्या. आवाज फाटला. "जिता आहे वं! प्रताप नगरात आहे!"

"मंग रेडिओवाला काहून सांगून राहिला वं?" कांताबाई म्हणाल्या आणि पुन्हा रडू लागल्या. फाटकाशी आता आणखी बायका जमल्या होत्या. रुखमाबाईंवर कोणाचाच विश्वास बसत नव्हता.

त्यांनी लामिनच्या तोंडावरचा हात काढला. त्याच्या गालावर पिवळी बोटं उमटली होती. त्यांनी पदरानं आधी आपले डोळे पुसले, मग त्याचा गाल.

"बातम्या वाचायची अक्कल नाही गा तुले, लामिन," त्या म्हणाल्या. "आता त्याले बायकोसकट आणून साऱ्या गल्लीदेखत जेवू घालावं लागते, तुह्यं खोटं निस्तरायले."