शोशोंगची मागणी

"मी आत बसून राहणार नाही," ओनालेन्ना म्हणाली. "नकार द्यायचा तर माझ्या तोंडानं देईन."

"हळू बोल, अंगणात ऐकू जातंय," मामी कुजबुजली. "शोशोंगहून माणसं मागणी घालायला आलीत, अंगावर ब्लँकेटं पांघरून, रीतसर. या वयात कोण करतं एवढं तुझ्यासाठी?"

ओनालेन्नाची चाळिशी उलटली होती. बोअर मारायची स्वतःची गाडी असलेली सेरोवे गावातली ती एकटीच बाई. गेल्या हिवाळ्यात शोशोंगजवळ एका गुरांच्या वाडीवर तिचं काम लांबलं. खडक काही केल्या फुटेना. तेव्हा आईच तिच्याबरोबर जाऊन राहिली, सगळ्यांचं जेवणखाण बघायला. वाडीच्या मालकाचा धाकटा भाऊ रोज गाडीभोवती घुटमळायचा. आजची मागणी त्याचीच, यात ओनालेन्नाला शंका नव्हती.

लग्न झालं नाही असं ती कधी म्हणत नसे. केलं नाही, म्हणायची. एकदा एका माणसावर तिचा जीव जडला होता. त्यानं विचारलंही होतं. तिनं खूप विचार केला, नाही म्हटलं, आणि त्या रात्री तिला गाढ झोप लागली. कामावरून येऊन बूट काढावेत, पायरीवर बसून ज्वारीची आंबील प्यावी, की तिला जगात कुणाचा हेवा वाटत नसे. रविवारी चर्चमध्ये तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. लोकांना वाटे, बाई दुःख लपवतेय. ती काहीच लपवत नव्हती.

वडील गेल्यापासून आई जुन्या घरात एकटी राहायची. लेकीचं असं एकटीनं राहणं तिला पटत नसे.

"संध्याकाळी घर खायला उठतं गं."

"मला नाही उठत, आई."

"चहा टाक म्हणणारं कुणीतरी हवं."

"मला चहा करून देणारं हवंय. आहे का बघ कुणी," म्हणून ओनालेन्ना हसायची.

मग परवा मामाचा फोन आला. "शोशोंगवाल्यांचा निरोप आहे. आपल्या घरातली बाई मागताहेत. उघडलं एकदाचं तुझं नशीब, पोरी!"

आज उजाडायच्या आत आईनं अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. नवा निळा झगा घातला. लेकीच्या नजरेला नजर मात्र देईना.

बाहेर मामा खुर्चीवर ताठ बसला होता. पाहुण्यांतला वडीलधारा हातात टोपी धरून रीतीप्रमाणे म्हणाला, "तुमच्या घरी पाणी भरणारी आहे म्हणतात. ती मागायला आलोय."

"भरणारी?" मामाची छाती फुगली. "अहो, आमची तर जमिनीच्या पोटातून उपसते!"

सगळे हसले. ओनालेन्ना उठली. आत शेजारीच बसलेल्या आईनं तिचा हात पकडला. "अगं थांब. आधी ऐकून तरी घे."

"खूप वर्षं ऐकलं, आई."

ती अंगणात आली आणि उभ्यानंच बोलली. "मामा, तुमचा मान राखून सांगते. पाहुणेहो, लांबून आलात, तुमचे उपकार. पण मी लग्न करणार नाही. कुणी विचारलं नाही म्हणून नव्हे. मला असंच जगायला आवडतं. घर मी बांधलं, गाडी मी घेतली, माणसं मी जोडली. कधीमधी एकटं वाटतं का? वाटतं. नवऱ्याच्या शेजारी बसलेल्यांनाही वाटतं. त्यांच्या अंगणात बोअर मारताना माझ्या कानावर येतं सगळं. माझ्यात कुणी येऊन भरून काढावं असं काही रिकामं नाही."

चटईवर बसलेली शोशोंगची एक म्हातारी मान हलवत पुटपुटली, "खरं बोलली."

मामाचा चेहरा काळवंडला. "चार माणसांत नाक कापलंस माझं."

ओनालेन्नानं मान खाली घातली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे सगळं ती सगळ्यांसमोर बोलली होती, आणि तिला हलकं वाटत होतं.

वडीलधारा सावकाश उठला. "मामासाहेब, रागावू नका. घोटाळा आमच्याकडून झाला, निरोप नीट पोचला नाही. पोरगी बाणेदार आहे. आमच्या थोरल्या भावाला, त्या वाडीच्या मालकाला, अशी लेक आयती मिळाली, तर त्याचं भाग्यच."

"लेक?" मामा म्हणाला.

"लेकच. आम्ही मागणी घालायला आलोय ती हिच्या आईला."