पाटीवरचा नंबर

मी वेताच्या खुर्च्या विणतो. परवा माहेरी आलेल्या लेकीने माझे हात चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकला आणि आज सकाळपर्यंत तो चार लाख लोकांनी पाहिला. महिनाअखेर दुकान बंद करायचं ठरलं होतं, तेवढ्यात ही धापा टाकत हजर.

“बाबा, लोक वेडे झालेत! ऑर्डरी द्यायच्या म्हणतात!” मग तिचा चेहरा एकदम पडला. “पण व्हिडिओत मागे पाटी दिसतेय. तिच्यावर आईचा नंबर आहे. ती जाऊन आठ महिने झाले, तो केव्हाच बंद झाला असेल. सगळं मुसळ केरात!”

“कशाला केरात? दर महिन्याला रिचार्ज मारतोय मी. आत तिच्या उशीपाशी बघ.”

चार्जिंगला लावलेला फोन खणखणत होता. लेकीने त्यावर झडपच घातली. “हॅलो! हो हो, दुकानच! सहा खुर्च्या? थांबा, लिहून घेते!” एक फोन ठेवला की दुसरा. मी कागद पुढे करतोय, ती लिहितेय, आणि दोघंही वेड्यासारखे हसतोय.

जरा उसंत मिळाली तशी राहिलेले फोन बघायला तिने यादी खाली सरकवली. आजचे अनोळखी नंबर संपले आणि तिचं बोट थांबलं. त्याखाली रोज दुपारी एकला, जेवायच्या वेळेचा, एकेक मिस्ड कॉल होता. आठही महिन्यांचे सगळे कॉल एकाच नावाचे, ‘अहो’.