पुसलेला शब्द

सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीवर पुन्हा कोळशानं लिहिलेलं होतं. बोरी गावचा सगळा पार तिकडं तोंड करून बसलेला. कडूबाई डोक्यावरचा पदर नीट करून भिंतीपुढं उभी राहिली. एक शब्द तिनं पहाटे पाणी घेऊन येतानाच, कुणी बघायच्या आत, ओल्या बोटांनी पुसला होता. बाकीचं मुद्दाम राहू दिलं.

सासरे माणिकराव पारावर मान खाली घालून बसले होते. कालच त्यांनी तिला बजावलं होतं, आणखी एकदा भिंतीवर तुझं नाव दिसलं की रात्रीची शाळा बंद, पाटी चुलीत. तिच्याबरोबर शाळेला येणाऱ्या झुंबरबाई अन् बाकीच्या बाया तर या भिंतीच्या धाकानं आधीच घरी बसल्या होत्या. लिहिणारा कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव लपवलं की भित्र्यालाबी लय जीभ फुटते.

कडूबाई एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली. "कडूबाई शाळंला चालली, दादल्याच्या ताटात..." ती थांबली. "हितं पुसलंय. काय असंल हो?"

"माती," कुणीतरी म्हणालं.

"राख," चंद्रभान म्हणाला.

"राखच असंल. लिहिणाऱ्याची अक्कल तेवढीच. आमच्या शेळीलाबी याच्याहून बरं सुचलं असतं," कडूबाई म्हणाली.

पार खदखदला. पारावरच्या पंडितला ते सोसेना. गावात कोटी करावी ती त्यानंच, अन् तिची अशी माती झालेली बघून तो ताडकन उठला.

"राख कशाची? सरकी हाय तिथं, सरकी. दादल्याला ढोरावानी सरकी वाढली, असं हाय ते..."

पुसलेला शब्द लिहिणाऱ्यालाच ठाऊक, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. सगळा पार त्याच्याकडं वळला.

"सरकी. बेस हाय, पंडितभावजी. इतकं झकास जुळवलं, मंग नाव का चोरलं? शिमग्यालाबी माणूस तोंडावर बोंब मारतंय." तिनं भिंतीखाली पडलेला कोळसा उचलून पुढं केला. पंडित मागं सरकला.

मग तिनंच मोकळ्या जागी शब्द भरला अन् खाली ठसठशीत लिहिलं, पंडित. पाटीबाहेर तिनं लिहिलेलं हे पहिलंच. लिहून ती वळली.

"मामंजी, यातल्या 'डि'ची वेलांटी पहिली का दुसरी?"

माणिकराव खाकरले. "मला काय इचारती? रातच्याला शाळंत मास्तरला इचार."